वास येत नाही, म्हणजे काय?

वास रेणूंच्या पातळीवर कसा कळतो, हा तसा रसायनाच्या आणि जीवशास्त्राच्या माणसांचा विषय. तो तत्त्वज्ञानाच्या माणसाने कशाला हाती घ्यावा, असं काहींना वाटलं असेल. त्याचं कारण आमच्या स्वयंपाकघरात घडलं, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दूध तापत ठेवलं होतं. ते उतू गेलं, ज्योत विझली आणि गॅस तसाच चालू राहिला. आम्ही पलीकडच्या खोलीत वाचत बसलो होतो. मध्ये एकदा उठून पाणीसुद्धा पिऊन आलो. थोड्या वेळाने शेजारच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. "सर, गॅस येतोय हो!" आम्ही अगदी आत्मविश्वासाने म्हणालो, "छे, काहीच वास येत नाही की!" त्या वाद घालत बसल्या नाहीत. आत गेल्या, बटण बंद केलं, खिडकी उघडली.

आता यातली नामुष्की बघा. अभावाचं ज्ञान कसं होतं, हा प्रश्न आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. आपल्याकडच्या नैयायिकांचं आणि मीमांसकांचं ठरलेलं उदाहरण आहे: जमिनीवर घट नाही, हे कसं कळतं? घट दिसत नाही म्हणून. पण एवढं पुरत नाही. अंधार असेल तर घट असूनही दिसणार नाही. म्हणून 'असता तर दिसलाच असता' अशी परिस्थिती असली पाहिजे. उजेड हवा, डोळे धड हवेत, मध्ये आडोसा नको. त्याला योग्यानुपलब्धी म्हणतात. हे अभावाचं ज्ञान प्रत्यक्षात धरायचं की ते वेगळं प्रमाण मानायचं, यावर दोन्ही पक्ष पुष्कळ भांडले, पण ही अट दोघांनाही मान्य होती. ती आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिली असेल! आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र 'वास येत नाही, म्हणून गॅस नाही' असं बिनधास्त म्हणून मोकळे झालो.

तेव्हा आजचा प्रश्न असा. वास येण्यासाठी रेणूंच्या पातळीवर काय काय जुळून यावं लागतं? ते कळलं, की 'वास येत नाही' या वाक्यावर किती विश्वास ठेवायचा हेही कळेल. त्यासाठी उदाहरण गॅसच्या वासाचंच घेऊ.

पहिली गोष्ट, गॅसला वास नसतो. सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात, आणि आपल्या नाकाला ते जवळजवळ निर्गंध आहेत. आपल्याला येतो तो इथाइल मरकॅप्टनचा वास. हा पदार्थ त्यात मुद्दाम, अगदी थोडा, मिसळलेला असतो. हे शहाणपण फार मोठी किंमत देऊन आलेलं आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या न्यू लंडन या गावी १८ मार्च १९३७ रोजी एका शाळेत स्फोट झाला. इमारत गरम ठेवण्यासाठी नैसर्गिक वायू वापरत असत. तो गळून इमारतीखालच्या पोकळीत साठत गेला आणि कुणालाही पत्ता लागला नाही, कारण त्याला वासच नव्हता. एक ठिणगी पडली आणि सुमारे ३०० मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर टेक्सासमध्ये वायूला वास देणं कायद्याने बंधनकारक झालं आणि पुढे ती पद्धत सर्वत्र रुजली.

म्हणजे काय केलं? 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती निसर्गाने दिलेली आहे. 'जिथे हा घाण वास तिथे गॅस' ही व्याप्ती माणसाने स्वतः तयार केली. हेतू बाहेरून आणून साध्याला चिकटवला. मग हा हेतू आपल्यापर्यंत पोहोचतो कसा?

वास येण्यासाठी पदार्थाचे रेणू सुटून हवेत यावे लागतात. आपले नैयायिक घ्राणेंद्रियाला प्राप्यकारी म्हणत, म्हणजे विषयाला प्रत्यक्ष भेटून जाणणारं. हे अगदी बरोबर होतं. कापूर उघडा ठेवला तर झिजत जातो. त्याचा वास घेताना आपण त्याचाच अंश नाकात घेत असतो. मिठाचा, साखरेचा वास येत नाही, कारण नेहमीच्या तापमानाला त्यांचे कण हवेत उडत नाहीत. इथे कुणी विचारेल, मग लोखंडाचा वास कसा येतो? बसमधला दांडा धरला की हाताला येतो तो? गंमत अशी, की लोखंड उडून नाकात जातच नाही. घामामुळे लोखंडाचे अंश सुटतात, ते आपल्या त्वचेवरच्या स्निग्ध पदार्थांचं विघटन करतात आणि त्यातून उडणारे रेणू तयार होतात. आपण ज्याला लोखंडाचा वास म्हणतो तो आपल्याच कातडीवरच्या तेलकटपणाचा असतो.

पण हवेत उडणं पुरेसं नाही. प्रोपेन तर मुळात वायूच आहे, तो नाकात भरपूर जातो, तरी वास नाही. म्हणजे रेणू नुसता येऊन भागत नाही, त्याला धरणारं कुणीतरी आत असावं लागतं.

हे धरणारे कुठे असतात? नाकाच्या अगदी वरच्या बाजूला, दोन डोळ्यांच्या मधोमध, आत छताशी एक छोटासा पट्टा असतो, काही चौरस सेंटिमीटरचा. साध्या श्वासातली फार थोडी हवा तिथवर जाते. म्हणून तर आपण वास घेताना हुंगतो, म्हणजे हवा मुद्दाम वर ओढतो. दुसरी वाट घशाच्या मागून आहे. घास चावताना त्याचे रेणू त्या मागच्या दाराने वर चढतात. ज्याला आपण 'चव' म्हणतो त्यातला मोठा भाग हा वासच असतो. सर्दी झाली की आमटी पाणचट लागते ती त्यामुळे.

या पट्ट्यावर श्लेष्म्याचा पातळ थर असतो. सरळ मराठीत शेंबूड म्हणा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, कारण त्याच्यावाचून वास नाही. हवेतला रेणू या ओलाव्यात उतरतो. त्याखाली लाखो चेतापेशी असतात आणि त्यांच्या टोकांना केसांसारखे सूक्ष्म तंतू. या तंतूंच्या आवरणात एक विशिष्ट जातीची प्रथिनं बसवलेली असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात, आपण 'ग्राही' म्हणू. ग्राही प्रथिनाचा धागा पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेला असतो, गोधडीच्या टाक्यासारखा वर-खाली, वर-खाली. या सात फेऱ्यांच्या मध्ये एक छोटी पोकळी राहते. रेणू तिथे येऊन बसतो.

या ग्राहींची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या दोघांनी शोधली. त्यांचा शोधनिबंध १९९१ साली आला आणि २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. उंदराच्या जातीच्या प्राण्यांत अशी सुमारे १००० जनुकं आहेत. माणसात चालू स्थितीतली साधारण ४००, आणि साधारण तेवढीच उत्क्रांतीच्या ओघात मोडून पडलेली. आता तुलना करा. रंग बघायला आपल्या डोळ्यांत तीन प्रकारचे शंकू पुरतात. वासाला ४००!

आता आपला मरकॅप्टनचा रेणू घेऊ. तो अगदी छोटा आहे: दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक गंधक. यातलं गंधक काढून त्या जागी ऑक्सिजन ठेवला की होतो इथाइल अल्कोहोल, म्हणजे मद्यार्क. सांगाडा तोच, बदलला फक्त एक अणू. मद्यार्काचा वास यायला तो हवेत बऱ्यापैकी असावा लागतो. मरकॅप्टन मात्र हवेच्या एक अब्ज रेणूंमागे एखादा असला तरी नाक मुरडतं. एका अणूने एवढा फरक का पडावा?

याचं एक सुंदर उत्तर २०१६ साली पुढे आलं. मानवी ग्राहींपैकी एक, त्याचं शास्त्रीय नाव ओआर२टी११, अशा छोट्या गंधकयुक्त रेणूंना जोरदार प्रतिसाद देतो. पण त्याला मदतीला तांबं लागतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये हा ग्राही बसवून पाहिलं, तेव्हा तांब्याचे आयन असताना प्रतिसाद वाढला आणि तांबं बांधून टाकणारा पदार्थ घातल्यावर तो मावळला. गंधकाला तांब्याची ओढ असते. चांदी-तांब्याची भांडी काळी पडतात त्यामागे गंधकाची हीच ओढ आहे. नाकातल्या ओलाव्यात तांब्याचे अंश असतातच. म्हणजे नाकाजवळ एक बारीकसा तांब्याचा आकडा आहे आणि गंधकवाला रेणू त्यात अडकतो. कुजणाऱ्या मांसातून, सडक्या अंड्यातून गंधकाचेच रेणू सुटतात. ते ओळखता येणं प्राण्यांच्या जिवाला उपयोगाचं आहे, म्हणून ही तीक्ष्णता. गॅस कंपन्यांनी याच जुन्या पहारेकऱ्याला नवं काम दिलं, एवढंच.

रेणू बसला, पुढे काय? तो पेशीच्या आत जात नाही. तो दारावरची बेल वाजवतो, इतकंच. रेणू बसताच ग्राहीचा आकार थोडा बदलतो. आतल्या बाजूला त्याला टेकलेलं एक प्रथिन जागं होतं, त्याला जी-प्रोटीन म्हणतात. ते एका विकराला कामाला लावतं. ते विकर पेशीतल्या एटीपीपासून सायक्लिक एएमपी नावाचे निरोपे रेणू भराभर तयार करतं. हे निरोपे पेशीच्या आवरणातली सूक्ष्म दारं उघडतात. त्यातून सोडियम आणि कॅल्शियमचे आयन आत शिरतात. कॅल्शियम आणखी एक दार उघडतं, त्यातून क्लोराइड बाहेर पडतं. या सगळ्याने पेशीचा विद्युतभार बदलतो आणि मेंदूकडे संदेश सुटतो. हे सगळं क्षणाच्या एका अंशात होतं. मधल्या टप्प्यांचा फायदा असा, की एका बेलीमागे शेकडो निरोपे निघतात. लहान खूण मोठी होते.

बरं, पण ही चारशे प्रकारची बेल. मग मेंदूला वास चारशेच कळायला हवेत ना? तसं नाही. प्रत्येक चेतापेशीवर ग्राहीची एकच जात असते. पण एक रेणू अनेक जातींच्या ग्राहींना कमी-अधिक चालवतो आणि एक ग्राही अनेक रेणूंना प्रतिसाद देतो. पेटीच्या पट्ट्यांसारखं समजा. पट्ट्या मोजक्या, पण कुठल्या पट्ट्या एकदम दाबल्या, किती जोरात दाबल्या, यावरून सुरांचे मेळ असंख्य होतात. वास म्हणजे एक पट्टी नाही, तो मेळ आहे. सारख्या जातीच्या ग्राहींच्या चेतापेशी चाळणीसारख्या एका हाडातून वर जातात आणि मेंदूच्या पुढच्या भागातल्या गंधकंदात एकेका ठरावीक बिंदूवर गोळा होतात. तिथे हा मेळ नकाशासारखा उमटतो. पुढे तो स्मृती आणि भावना यांच्याशी जोडलेल्या भागांत लगेच पोहोचतो. दृष्टी आणि श्रवणाचे संदेश आधी थॅलॅमसमधून जातात, वासाला तो वळसा सक्तीचा नाही.

हा मेळ किती नाजूक असतो, त्याचं एक घरगुती उदाहरण. पुदिना आणि बाळंतशेपा. दोन्हींच्या वासात कार्व्होन नावाचा रेणू महत्त्वाचा आहे. अणू तेच, तितकेच, जोडणीचा क्रम तोच. फरक इतकाच, की एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा आहे. डाव्या आणि उजव्या पायाच्या चपला जशा. उजवी चप्पल डाव्या पायात नीट बसत नाही, तसंच ग्राहीच्या पोकळीचं. त्यामुळे एक रेणू स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याचा वास देतो, दुसरा बाळंतशेपाचा आणि शहाजिऱ्याचा.

मग ग्राही रेणूचा आकार ओळखतो की आणखी काही? १९९६ साली लुका ट्युरिन यांनी असा पक्ष मांडला की नाक रेणूचा आकार नव्हे, तर त्याच्या अणूंची कंपनं ओळखतं. कल्पना मोठी आकर्षक होती, पण ग्राहींवर केलेल्या प्रयोगांत तिला आधार मिळाला नाही. २०२३ साली मात्र एका मानवी गंधग्राहीची, रेणू आत बसलेला असतानाची रचना पहिल्यांदा अणूअणूनिशी पाहता आली. ग्राही होता ओआर५१ई२ आणि रेणू होता प्रोपिओनेट, जुन्या चीजच्या तिखट वासातला. रेणूचं आम्ल-टोक ग्राहीतल्या एका ठरावीक जागेने पकडलेलं होतं, आणि पोकळी इतकी आखूड, की लांब शेपटीची आम्लं तिथे मावू नयेत. संशोधकांनी प्रथिनात फेरफार करून ती पोकळी मोठी केली, तर लांब रेणूही चालू लागले. रेणूची आणि जागेची जुळणी महत्त्वाची, हे इथे डोळ्यांनी दिसलं.

इथे तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न सुटतो, निदान हलका होतो. गंध हा वस्तूचा गुण आहे की आपल्या मनाचा? वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचा खास गुण मानला. पण प्रोपेन आणि मरकॅप्टन दोन्ही आपल्यासमोर आहेत. एकाला वास आहे आणि दुसऱ्याला नाही, कारण एकाला धरणारी पोकळी आपल्याकडे आहे आणि दुसऱ्याला धरणारी नाही. गंध रेणूच्या खिशात ठेवलेला नसतो. तो नुसता आपल्या मनाचा खेळही नसतो, कारण रेणू खराखुरा येऊन भेटतो. गंध त्या भेटीत घडतो. आणि भेट म्हटली की ती चुकूही शकते. आता आपण आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू: ही भेट कुठे कुठे चुकते?

पहिली चूक वाटेवरची. नाक चोंदलं की रेणू छतापर्यंत पोहोचत नाही. त्यात आपल्या गॅसची आणखी एक खोडी आहे. तो हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत पसरतो. आपलं नाक वर असतं आणि धोका पायाशी.

दुसरी, हेतूच गळून जाण्याची. नव्या किंवा आतून गंजलेल्या पोलादी टाकीत मरकॅप्टनची गंजाशी प्रक्रिया होते आणि वास फिका पडतो. जमिनीखालून गळणाऱ्या वायूतला मरकॅप्टन मातीत शोषला जाऊ शकतो. गॅस उरतो, वास उरत नाही.

तिसरी चूक ग्राहींची. माझे-तुमचे चारशे ग्राही तंतोतंत सारखे नसतात. ॲन्ड्रोस्टेनोन नावाचा एक रेणू आहे. काहींना त्याला घामट, मुताऱ्यासारखा वास येतो, काहींना गोडसर, काहींना काहीच नाही. यातला बराचसा फरक ओआर७डी४ या एका ग्राहीच्या जनुकातल्या भेदामुळे पडतो, हे २००७ साली दिसून आलं. तेव्हा घरात एकजण 'वास येतोय' म्हणतो आणि दुसरा 'नाही' म्हणतो, तेव्हा दोघंही खरं बोलत असू शकतात. 'तुझ्या मनाचे खेळ' असं म्हणण्याआधी हे आठवावं.

चौथी चूक सवयीची, आणि आमच्या घरी बहुधा तीही होती. मघाशी आपण म्हणालो, की कॅल्शियम आत शिरून संदेश वाढवतं. तेच कॅल्शियम थोड्या वेळाने एका प्रथिनाच्या मदतीने ती दारं पुन्हा मिटायला लावतं. शिवाय मेंदूही एकसारख्या संदेशाकडे दुर्लक्ष करायला शिकतो. उपयोग असा, की नवा वास आला तर तो ओळखायला नाक मोकळं राहतं. पण हळूहळू वाढत जाणारा गॅस असेल, तर आत बसलेल्या माणसाला वास येऊन नाहीसाही झालेला असतो. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र दारातच कळतं. वहिनींचं नाक आमच्यापेक्षा तरतरीत होतंच, पण ते ताजंही होतं.

पाचवी चूक आपण सगळ्यांनी अनुभवली. कोविडमध्ये किती जणांचा वास रातोरात गेला! पहिल्यांदा भीती वाटली की विषाणू थेट चेतापेशींना मारतो की काय. २०२० साली कळलं की विषाणूला शिरायला लागणारं दार, एसीई२, ते गंधाच्या चेतापेशींवर नसून त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर आहे. आधार कोसळला की चेतापेशींचं कामही थांबतं. बहुतेकांचा वास पुढे परत आला, काहींचा फार उशिरा, आणि काहींना नेहमीचा चहासुद्धा जळका, कुजका लागू लागला. चारशेतल्या काही पट्ट्या परत आल्या आणि काही नाहीत, तर मेळ बिघडणारच.

आणि सहावी चूक, वयाची. गंधाच्या चेतापेशी थेट बाहेरच्या हवेला उघड्या असतात, त्या झिजतात आणि खालच्या मूलपेशींपासून आयुष्यभर नव्या तयार होत राहतात. चेतासंस्थेत ही दुर्मीळ गोष्ट आहे. वय वाढलं की ही भरपाई मंदावते. अमेरिकेत रिचर्ड डोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत ६५ ते ८० वयाच्या निम्म्याहून अधिक माणसांत वास ओळखण्याची क्षमता बरीच घटलेली आढळली. ८० च्या पुढे तर तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांत. डोळे अधू झाले की अक्षर पुसट दिसतं, कान गेले की लोक ओरडून बोलतात. नाक गेलं तर मात्र कुणी सांगत नाही. जे येत नाही त्याची जागा रिकामी दिसत नाही. आम्हालाही त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

आता ही साखळी एकत्र पाहा. रेणू सुटला पाहिजे, वर पोहोचला पाहिजे, ओलाव्यात उतरला पाहिजे, त्याला बसणारा ग्राही आपल्यात असला पाहिजे, दारं थकलेली नसली पाहिजेत, आधारपेशी धड पाहिजेत, चेतापेशी पुरेशा पाहिजेत. वास आला, तर यातली प्रत्येक कडी जुळली असं म्हणता येतं. म्हणून 'वास येतोय' या वाक्यात वजन आहे. वास आला नाही, तर कुठली कडी निखळली ते कळत नाही. दोन्ही वाक्यं दिसायला सारखी, पण त्यांचं वजन सारखं नाही. 'असता तर आलाच असता' हे सिद्ध केल्याशिवाय 'नाही' म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. जुन्या पंडितांची ही अट केवळ वादासाठी नव्हती.

व्यवहारात याचा अर्थ काय? कुणी एकजण जरी 'गॅस येतोय' म्हणाला, तरी त्याचं ऐकायचं. मतदान घ्यायचं नाही. विजेचं बटण दाबायचं नाही, चालूही नाही आणि बंदही नाही. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि मग फोन करायचा. गॅसगळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक आहे. ज्या घरात वयस्क माणसं एकटी राहतात तिथे गॅस ओळखणारं यंत्र बसवावं, आणि तेही जमिनीपासून थोड्याच उंचीवर, कारण आपला गॅस खाली बसतो.

आणि स्वतःच्या नाकाची परीक्षा घ्यावी. डोळे मिटून लवंग, कॉफी, लिंबाची साल, हिंग ओळखता येतात का बघा. घरातल्या तरुण माणसाला डब्या पुढे करायला सांगा. वास अचानक गेला किंवा बराच कमी झाला असेल, तर डॉक्टरांना सांगावं. काही वेळा पार्किन्सनसारख्या आजाराची ती आरंभीची खूण असते. पण घाबरून जाऊ नये, बहुतेक वेळा कारण साधं असतं. सरावाने थोडी सुधारणाही होते. जर्मनीत थॉमस हुमेल यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वास गेलेल्या लोकांनी रोज दोनदा, १२ आठवडे, गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास लक्षपूर्वक घेतले, आणि न करणाऱ्यांपेक्षा त्यांची क्षमता वाढली. हे चारही वास आपल्या घरात मिळतात. त्याला खर्च नाही, चिकाटी मात्र लागते.

आम्ही तो सराव करतो. लवंग आता बरी कळते, गुलाब अजून दूर आहे. गॅसच्या बाबतीत मात्र आम्ही स्वतःच्या नाकाला विचारणं सोडून दिलं आहे. ओट्याखाली यंत्र बसवलं आहे आणि वहिनींना सांगून ठेवलं आहे, की कधी दारात थबकलात तर आमचं ऐकू नका.